सागरापलीकडून आलेला सूर

युरोप खंडाच्या वायव्येस, इंग्लंडच्या पश्चिमेला, आयर्लंड नावाचे एक बेट आहे. तेथे वर्षभर पाऊस पडत असतो. त्यामुळे डोंगरउतार आणि कुरणे सदैव हिरवीगार दिसतात. या बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर स्लायगो नावाचा परगणा आहे. लहान लहान शेते, दगडी कुंपणे, चरणाऱ्या गाई-मेंढ्या आणि दलदलीची माळराने असा हा मुलूख. येथील शेतकरी बटाटे आणि ओट पिकवीत, दलदलीतून खणून काढलेले मातीसारखे जळण वाळवून चुलीत घालीत आणि मोठ्या काटकसरीने दिवस काढीत.

एकोणिसाव्या शतकात या देशावर मोठे संकट कोसळले. १८४५ पासून काही वर्षे बटाट्याच्या पिकावर रोग पडला. बटाटा हेच गरिबांचे मुख्य अन्न होते. त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे भुकेने व रोगराईने मरण पावली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. पुढेही ही ओहोटी थांबली नाही. १८४१ मध्ये आयर्लंडची लोकसंख्या ८० लाखांवर होती. १९११ मध्ये ती ४५ लाखांहूनही कमी भरली. घरोघरची तरुण मुले बोटीत बसून अमेरिकेची वाट धरीत. ती पुन्हा दृष्टीस पडतील अशी आशा आईबापांना क्वचितच असे. गावाचे संगीत मात्र त्यांच्याबरोबर जाई. कारण त्याला ना ओझे, ना भाडे.

आयर्लंडच्या खेड्यांत संगीत हा दैनंदिन जीवनाचाच भाग होता. हिवाळ्याच्या लांबलचक रात्री शेजारीपाजारी एखाद्याच्या घरी जमत. चुलीजवळ वादक बसत आणि फरसबंदीवर तरुण मंडळी नाचू लागत. व्हायोलिन हे त्यांचे आवडते वाद्य. तेथे त्याला फिडल म्हणतात. त्याशिवाय लाकडी बासरी असे, आणि कोपराने भाता दाबून वाजवावयाचे एक सुरेल वाद्यही असे. या वाद्यांवर नाचाच्या गती वाजविल्या जात. त्यांतल्या काहींना रील, काहींना जिग, तर काहींना हॉर्नपाइप म्हणत. शेकडो गती लोकांना तोंडपाठ होत्या. बहुतेक खेडुतांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. मुलाने बापाजवळ बसावे, त्याची बोटे पाहावीत, सूर कानांत साठवावा आणि मग आपण वाजवून पाहावे, अशा रीतीने हे संगीत एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे येत असे.

अशाच एका शेतकरी कुटुंबात ३१ जानेवारी १८९१ रोजी मायकेल कोलमन याचा जन्म झाला. स्लायगो परगण्यात बॅलिमोट नावाचे एक गाव आहे. त्याच्या जवळच्या किलाव्हिल भागातील नॉकग्रेनिया या वस्तीत त्याचे घर होते. भावंडांमध्ये मायकेल सर्वांत धाकटा. वडील जेम्स कोलमन बासरी उत्तम वाजवीत आणि त्यांचे घर वादकांना सदैव उघडे असे. गावोगाव हिंडणारे कलावंत तेथे मुक्कामाला उतरत. जॉनी गॉर्मन नावाचा भात्याचे वाद्य वाजविणारा फिरता वादकही त्या घरी येई. असे पाहुणे आले म्हणजे घर संगीताने भरून जाई आणि लहानगा मायकेल कोपऱ्यात बसून कान देऊन ऐकत राही.

मायकेलचा थोरला भाऊ जिम हाही फिडल वाजवीत असे. त्याच्या हातात विलक्षण गोडवा होता. मायकेलने जे शिकून घेतले, त्यातले पुष्कळसे या भावाकडून घेतले. फिलिप ओबर्न यांच्यासारख्या आसपासच्या जाणत्या वादकांचे वादनही तो मन लावून ऐके. फिडलप्रमाणेच नाचाचीही त्याला आवड होती. फिडल वाजवीत असताना त्याच वेळी पायांनी ठेका धरून नाचण्याची अवघड कला त्याने साध्य केली होती. मात्र गावातील जुन्या मंडळींना विचारले, तर ती सांगत की, दोघा भावांत जिम अधिक सरस आहे.

स्लायगो शहरात संगीताच्या स्पर्धा भरत असत. १९०९ मध्ये मायकेलने स्पर्धेत भाग घेतला. त्या वेळी तो अठरा वर्षांचा होता. पुढच्या वर्षी तो पुन्हा उतरला. दोन्ही वेळा त्याला दुसऱ्या एका स्पर्धकाबरोबर तिसरा क्रमांक विभागून मिळाला. पहिला क्रमांक काही त्याच्या वाट्याला आला नाही. पण त्यामुळे त्याने फिडल खाली ठेवले नाही. घरी, शेजाऱ्यांकडे, लग्नसमारंभात, जेथे बोलावणे येई तेथे तो वाजवीत राहिला.

पण नुसत्या वादनावर पोट भरणे शक्य नव्हते आणि लहानशा शेतीवर साऱ्या भावंडांचा निर्वाह होणार नव्हता. १९१४ मध्ये मायकेल प्रथम इंग्लंडमधील मँचेस्टर शहरी आपल्या एका भावाकडे गेला. तेथे काही महिने राहून तो परत आला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एका मित्रासह अमेरिकेच्या बोटीत चढला. त्या वेळी त्याचे वय तेवीस वर्षांचे होते. पहिले महायुद्ध नुकतेच पेटले होते. मागे नॉकग्रेनियातील घर राहिले, आईवडील राहिले आणि जिमही राहिला. मायकेलने ते घर पुन्हा कधीच पाहिले नाही.

अमेरिकेत तो प्रथम मॅसॅच्युसेट्स राज्यातील लोवेल गावी आपल्या नातलगांकडे उतरला. त्या काळी अमेरिकेतील शहरांत अशी नाटकगृहे होती की, तेथे एकाच खेळात गाणे, नाच, नकला, जादू असे निरनिराळे प्रकार दाखवीत. अशाच एका मोठ्या नाटकमंडळाशी करार करून कोलमन शहराशहरांतून वादन करीत हिंडू लागले. फिडल वाजविता वाजविता नाचणारा हा तरुण पाहून प्रेक्षक खूष होत. १९१७ मध्ये ते न्यूयॉर्क शहरात स्थायिक झाले. तेथेच आयर्लंडच्या मॉनॅहन परगण्यातून आलेल्या मेरी फॅनिंग यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक कन्या झाली.

न्यूयॉर्कमध्ये आयरिश लोकांची वस्ती फार मोठी होती. दिवसभर ते बांधकामावर, गोदीत, कारखान्यांत आणि श्रीमंतांच्या घरी कामे करीत. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी ते नृत्यगृहांत जमत आणि आपापल्या परगण्याच्या गती ऐकून गावाची आठवण ताजी करीत. ग्रामोफोनच्या तबकड्या तेव्हा घरोघर पोहोचू लागल्या होत्या. परंतु अस्सल आयरिश नाचाच्या गती तबकड्यांवर मिळत नसत. ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपन्यांना वाटे की, असल्या खेडवळ संगीताला कोण गिऱ्हाईक मिळणार?

ही समजूत एका दुकानदार स्त्रीने खोटी ठरविली. एलेन ओबर्न यांचे न्यूयॉर्कमध्ये दुकान होते. आयरिश गिऱ्हाइके येऊन आपल्या गावाकडच्या गतींच्या तबकड्या मागत आणि रिकाम्या हाताने परत जात. १९१६ मध्ये एलेनबाई कोलंबिया कंपनीकडे गेल्या. तबकडी काढा, ५०० नग मी स्वतः विकत घेते, अशी हमी त्यांनी दिली. त्याप्रमाणे अॅकॉर्डियन आणि बँजो वाजविणाऱ्या दोघा वादकांची तबकडी निघाली आणि ती झपाट्याने खपली. मग इतर कंपन्यांचेही डोळे उघडले. आयरिश वादकांचा शोध सुरू झाला, आणि त्या शोधात त्यांना मायकेल कोलमन सापडले.

१९२१ मध्ये कोलमन यांचे वादन प्रथम तबकडीवर उतरले. त्या काळचे ध्वनिमुद्रण हे मोठे कसोटीचे काम होते. आरंभी विजेचा ध्वनिग्राहक नव्हता. वादकाने एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडासमोर उभे राहून वाजवावयाचे. आवाजाच्या कंपनांनी कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाची सुई थरथरे आणि फिरणाऱ्या मेणाच्या तबकडीवर बारीक रेघ कोरली जाई. एकदा सुरुवात केली की मध्ये थांबता येत नसे. एक सूर चुकला तर तेवढाच पुसून दुरुस्त करणे शक्य नव्हते. सारे पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागे. तबकडी एका मिनिटात ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच वादन मावे. गावच्या घरात जी गत नाचणारे दमेपर्यंत चाले, ती येथे घड्याळाकडे पाहून संपवावी लागे. साथीला कंपनी एखादा पियानोवादक देई. पुष्कळदा त्याला या संगीताची ओळख नसे आणि साथ विसंगत होई. १९२५ पासून विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले, तेव्हा फिडलचा आवाज अधिक स्पष्ट उमटू लागला.

एवढ्या अडचणींतूनही कोलमन यांचे वादन झळकून उठले. आयरिश गत आकाराने लहान असते. तिचे सामान्यतः दोन भाग असतात आणि तेच पुन्हा पुन्हा फिरून येतात. सामान्य वादक प्रत्येक फेरा सारखाच वाजवील. कोलमन मात्र दर फेऱ्याला कोठे एखादी हरकत घेत, कोठे सुरांचा क्रम किंचित बदलीत, कोठे गजाचा झोक पालटीत. त्यामुळे ओळखीची गत दर वेळी नवी वाटे. त्यांचा हात अत्यंत हलका होता. लय वेगाची असूनही प्रत्येक सूर सुटा आणि स्वच्छ ऐकू येई. हे सारे बारकावे कागदावरच्या स्वरलिपीत उतरत नाहीत. शिकागो शहराचे पोलीस प्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी मोठ्या परिश्रमाने जमविलेल्या १,८५० आयरिश गतींचा ग्रंथ १९०३ मध्येच प्रसिद्ध केला होता. त्या ग्रंथामुळे गतींचे सांगाडे सुरक्षित राहिले. पण गज कसा फिरवावा, हरकत कोठे घ्यावी, हे कानांनीच कळते. ते काम आता तबकडीने केले.

१९२१ ते १९३६ या पंधरा वर्षांत कोलमन यांनी निरनिराळ्या कंपन्यांसाठी ध्वनिमुद्रण केले. अशा ध्वनिमुद्रणांची संख्या सुमारे ऐंशी आहे. स्लायगो परगण्यातूनच आलेले जेम्स मॉरिसन आणि पॅडी किलोरन हे दोन फिडलवादकही त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये तबकड्या काढीत होते. पण या सर्वांत कोलमन यांचे नाव अग्रभागी राहिले.

आता या तबकड्यांनी उलटा प्रवास सुरू केला. ज्या समुद्रावरून आयरिश मुले पश्चिमेकडे गेली होती, त्याच समुद्रावरून त्यांचे सूर पूर्वेकडे परत आले. अमेरिकेतील नातलग सामानसुमानाबरोबर घरी तबकड्या पाठवीत. या तबकड्या लाखेपासून बनविलेल्या असत. ती लाख बहुतांशी हिंदुस्थानातून जगभर जाई. म्हणजे हिंदुस्थानच्या रानांत गोळा केलेली लाख अमेरिकेत पोहोचे आणि स्लायगोच्या फिडलचे सूर अंगावर घेऊन आयर्लंडच्या खेड्यांत येई! साऱ्या पंचक्रोशीत एखाद्याच घरी ग्रामोफोन असे. कोलमन यांची नवी तबकडी आल्याची वार्ता पसरली की लोक दूरदूरच्या वाड्यांवरून चालत येत. ग्रामोफोनला किल्ली दिली जाई, सुई ठेवली जाई आणि घरभर शांतता पसरे. गावातून गेलेला शेतकऱ्याचा मुलगा हजारो मैलांवरून त्यांच्यासाठी वाजवीत असे.

या तबकड्यांनी आयरिश लोकांच्या मनात आपल्या संगीताविषयी अभिमान जागा केला. खेड्यातील जुनाट करमणूक म्हणून ज्याकडे शहरातील लोक दुर्लक्ष करीत, तेच संगीत आता नव्या यंत्रावर वाजत होते. तरुण मुले तबकडी पुन्हा पुन्हा लावून, चालीचा वेग कमी करून एकेक हरकत उचलू लागली. १९३४ मध्ये कोलमन यांनी एका तबकडीवर तीन रील गती एकापाठोपाठ वाजविल्या. ती जुळणी लोकांना इतकी आवडली की, पुढे कित्येक पिढ्यांचे वादक त्या तिन्ही गती त्याच क्रमाने वाजवीत आले.

परंतु या यशाला एक दुसरी बाजूही होती. आयर्लंडच्या प्रत्येक परगण्याची वाजविण्याची स्वतंत्र धाटणी होती. कोठे गज लांब चाले, तर कोठे तोकडा. कोठे लय संथ असे, तर कोठे उसळती. आता सर्वत्र तरुणांना कोलमन यांच्यासारखेच वाजवावेसे वाटू लागले. आपल्याच गावच्या वृद्ध वादकाचे वादन त्यांना फिके वाटू लागले. कोलमन यांच्या तबकड्या ऐकून काही जुन्या वादकांनी आपली फिडल कायमची भिंतीला टांगून ठेवली, असेही सांगतात. एका थोर कलावंताचा आवाज दूरवर पोहोचला, पण त्याच्या तेजापुढे कितीतरी लहान दिवे दिसेनासे झाले. यात कोलमन यांचा काही दोष नव्हता. त्यांनी फक्त मन ओतून वाजविले होते.

स्वतः कोलमन यांचे दिवस मात्र पुढे कठीण आले. १९२९ पासून अमेरिकेत भयंकर मंदी पसरली. लाखो लोक बेकार झाले आणि तबकड्यांचा खप एकदम घसरला. १९३६ नंतर कोलमन यांच्या तबकड्या निघेनाशा झाल्या. आयर्लंडमध्ये घरोघर ज्यांचे नाव निघत होते, ते कोलमन न्यूयॉर्कमध्ये साधेपणानेच राहत होते. पुढे त्यांची प्रकृती ढासळली. ४ जानेवारी १९४५ रोजी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, त्यांचे न्यूयॉर्क येथे निधन झाले. तेथील ब्राँक्स भागातल्या सेंट रेमंड दफनभूमीत त्यांचा देह विसावला.

आणि थोरला भाऊ जिम? तो नॉकग्रेनिया सोडून गेला नव्हता. जो कोणी येई त्याला तो वाजवून दाखवी. तो धाकट्या भावापेक्षा सरस वाजवीत असे, हे ज्यांनी ऐकले होते त्यांनी पुढे अनेकांना सांगितले. परंतु जिमच्या वादनाची एकही तबकडी निघाली नाही. त्याच्यासमोर कोणी कर्णा ठेवला नाही, मेणावर त्याच्या सुरांची रेघ उमटली नाही. ज्यांनी त्याला ऐकले ती माणसे गेली, त्याबरोबर त्याचे वादनही गेले. धाकट्या भावाचे सूर आजही ऐकावयास मिळतात. थोरल्याची फक्त कीर्ती उरली आहे. मायकेलच्या गजाखाली जे उमटले, त्यात जिमने शिकविलेले किती होते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

कोलमन यांच्या मायभूमीने त्यांची आठवण जपली. १९७४ मध्ये त्यांच्या जन्मस्थानाजवळ त्यांचे स्मारक उभारण्यात आले. पुढे जवळच्या गर्टीन गावी त्यांच्या नावाने आयरिश संगीताचे केंद्रही स्थापन झाले. १९९२ मध्ये जुन्या, झिजलेल्या तबकड्यांवरून त्यांच्या वादनाची नवी मुद्रणे तयार करून, त्यांच्या चरित्रासह प्रसिद्ध करण्यात आली. तीन तीन मिनिटांचे ते वादन, सुईच्या खरखरीतूनही, अजून ताजेतवाने वाटते.

स्पर्धेत दोनदा तिसरा आलेला शेतकऱ्याचा एक मुलगा आपल्या देशाच्या संगीताचा आदर्श ठरला. त्याच्या अंगी गुण होते, श्रम करण्याची तयारी होती, आणि योग्य वेळी त्याचे सूर कोणीतरी टिपून ठेवले. जिमच्या अंगीही गुण होते, पण त्याचे सूर टिपणारे कोणी नव्हते. प्रत्येक गावात असे एखादे वृद्ध माणूस असते की, ज्याच्या कंठात किंवा बोटांत जुने सूर साठलेले असतात. ते माणूस आपल्यामध्ये आहे तोवर त्याच्याजवळ बसावे, त्याचे ऐकावे आणि जमेल तेवढे शिकून ठेवावे. कारण ते गेल्यावर यंत्र कितीही चांगले असले, तरी त्याच्यापुढे वाजविणारे कोणी उरत नाही.